झोपेची मशीन घेऊन अनसिंगच्या मचाणावर

दुकानदारानं मशीन माझ्या तळहातावर ठेवली अन् म्हणाला, "आठ दिन घर पे यूज करो, फिर बोलो." मी त्याला विचारलं, "घर म्हणजे कोणतं?" तो हसला. मी खरंच विचारत होतो.

मी प्रदर्शनाचे स्टॉल उभारणाऱ्या टोळीत काम करतो. मोठ्या हॉलमध्ये कंपन्यांचे चकचकीत स्टॉल असतात ना, लाइटं, पडदे, गुळगुळीत काउंटर, ते आम्ही ठोकतो. प्रदर्शन संपलं की सगळं उपटून ट्रकमध्ये, अन् चला पुढच्या शहरात. हैदराबादला खोली आहे, पण ती माझ्यापेक्षा झुरळांनी जास्त वापरली. एका जागी बसणं मला जमतच नाही. शाळेतही जमलं नाही, म्हणून आठवीतच सुटलो.

आता मशीन कायले, ते सांगतो. झोपेत माझा श्वास अडकतो. घसा आतून मिटतो, जीव घाबरून उठतो, परत झोप, परत तेच, रात्रभर. मला मात्र वाटायचं मी मस्त आठ तास झोपलो. सकाळी डोकं जड अन् दिवसा बसल्या जागी डोळा लागायचा. एकदा घोडीवर, म्हणजे आमच्या उंच शिडीवर, उभ्या उभ्या लागला. हातातला ड्रिल खाली कार्पेटवर पडला. खाली कोणी नव्हतं, अन् मी पट्टीला धरून राहिलो, म्हणून वाचलो.

आमचे उस्ताद, म्हणजे टोळीचा मुकादम, त्या दिवशी शिव्याही देईनात. नुसते म्हणाले, "सुनील, नींद का बंदोबस्त कर. नहीं तो गोडाऊन में बैठ के प्लाय घिस." मला शिव्या चालल्या असत्या. गोडाऊनमध्ये बसून रोज तेच लाकूड घासणं म्हणजे मला जेलच. पुढचं काम कोचीला होतं. उस्ताद म्हणाले, गावाला जाऊन ये, परत आलास की तुझे डोळे बघून ठरवतो.

दवाखान्यात एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं स्लीप ॲप्निया, अन् हवेच्या दाबाची मशीन लिहून दिली. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीला मशीन. ती हळूहळू हवा ढकलत राहते, त्यामुळं घसा मिटत नाही. बस, एवढंच. आधी मोठी मशीन भाड्यानं आणली. पहिल्या सकाळी उठलो त असं वाटलं, डोक्यावरचं सोयाबीनचं पोतं कोणीतरी उतरवून घेतलं.

पण मोठी मशीन म्हणजे पाण्याची टाकी, जाड नळी, अन् भिंतीतली लाइट पाहिजेच. आम्ही झोपतो हॉलमध्ये, कार्पेटच्या गुंडाळ्यांवर, अन् रात्री हॉलवाले मेन स्विच पाडतात. म्हणून ही छोटी. टाकी नाही, वजन अर्ध्या किलोच्याही आत, अन् बॅटरीवर चालते. आवाज थोडा जास्त. किंमत मोठीपेक्षा बरीच जास्त, माझे दोन पगार जातील एवढी. बॅटरीची किंमत वेगळी असते, ती आधीच विचारा, नाहीतर बिल पाहून झोप उडते अन् मशीनही कामी येत नाही.

मी ठरवलं, हिची परीक्षा वाशिम जिल्ह्यात घ्यायची. रेल्वे, जीप, धूळ, थंडी, जाणारी-येणारी लाइट, सगळं एकाच सहलीत. तिथं टिकली त कोचीतही टिकेल.

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवरून रात्रीची गाडी धरली. स्लीपरचं तिकीट घ्या, वरचा बर्थ मागा. गाडीचं वेळापत्रक बदलत राहते, ते स्वतः पाहून घ्या. सॉकेटच्या भरवशावर जाऊ नका. आमच्या कप्प्यात एकच सॉकेट चालू होतं अन् त्याला आधीच मोबाईलांचा घड लटकला होता. मी बॅटरी खोलीवरच भरून घेतली होती. मशीन उशाशी ठेवली, पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळला अन् मास्क चढवला.

खालून नांदेडला उतरणाऱ्या एक मावशी बघतच राहिल्या.

"का रं लेकरा, दवाखान्यातून पळून आलास का?"

मी मास्क काढून सांगितलं, "नाही मावशी, झोपेत श्वास अडकतो म्हणून लावतो. घोरणंही बंद होते."

"घोरणं बंद होतंय? मग आमच्या मालकासाठी पण एक सांग की."

समोरच्या बर्थवरून त्यांचे मालक बोलले, "मी कुठं घोरतो?"

"तुम्ही गप बसा. मागच्या वेळी डब्यातल्या लोकांनी टीसीला बोलावलं होतं."

त्या नांदेडला कधी उतरल्या मला कळलंच नाही. जाग आली ती हिंगोलीत, आपली आपण, गजराच्या आधी. आधी दोनदा मी वाशिम ओलांडून थेट अकोल्याला उतरलो आहे. घसा मात्र कोरडा पडला होता. छोट्या मशीनला टाकी नसते, नळीत ओलावा धरणारी एक चकती बसवतात, ती मी पिशवीतच विसरलो होतो. तुम्ही विसरू नका. दुसरं म्हणजे दाढी. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, हवा सुटते अन् रात्रभर फुस्स फुस्स. मी निघायच्या आधीच साफ केली होती.

वाशिमला उतरलो तेव्हा हातपाय गार पडले होते. स्टेशनबाहेर चहा अन् गरम आलुबोंडा, मग ऑटोनं स्टँडवर. तिथून पुसद रोडची काळीपिवळी. एस.टी. स्वस्त अन् सुखाची, पण जीप आधी निघते. आधी निघते म्हणजे आधी भरते. मी मशीनची पिशवी मांडीवर घेतली त ड्रायव्हर म्हणाला, "वर टाक नं भाऊ, मांडीवर माणूस बसते." मी नाही म्हटलं. मग खरंच एका पोराला माझ्या पिशवीच्या शेजारी, अर्ध्या मांडीवर बसवलं. सूचना: पिशवी छातीशी धरा, टपावर टाकू नका. अनसिंगला उतरून पुढं आमचं गाव, तिथं भाऊबंदाची मोटरसायकल मिळाली.

आमचं घर बुद्धविहाराजवळ. माय अंगणातच होती. माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "दाढी काहून काढली? बारीक दिसून राह्यला." ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी अन् ठेचा असं दाबून जेवलो. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुपारी आडवं झालं तरी मशीन लावायची. म्हणून ओसरीत खाटेवर मास्क लावून झोपलो. इथंच घोटाळा झाला.

शेजारच्या शेवंताकाकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं अन् विरजण न घेताच गेल्या. मी उठलो तेव्हा अंगणात सात-आठ चपला होत्या. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. खाटेच्या पायथ्याशी बिस्किटाचे पुडे अन् केळीची फणी मांडलेली होती. मला वाटलं कोणाचा वाढदिवस आहे.

"जयभीम, बाप्पा," गावातले नामदेवकाका माझ्या पायाला हात लावून पाहत होते, गरम आहे का म्हणून. "किती लिटर लागते?"

"काय किती लिटर?"

"ऑक्सिजन. करोनात आमच्या साळ्याले बारा लागे."

मी उठून बसलो. "काका, ऑक्सिजन नाही हे. हवा आहे. साधी हवा."

"साधी?"

"हो. आपली इथलीच हवा ओढते अन् नाकात सोडते."

काकांनी मशीन उचलली, उलटी करून पाहिली. "अन् याचे पैसे घेतले त्यानं? अबे, साधी हवा त आपल्या वावरात फुकट हाय! किती पाह्यजे तुले?"

सगळी ओसरी हसली. मीही हसलो. पण शेवंताकाकू हसल्या नाहीत. त्या मायला हळूच म्हणाल्या, "लपवू नोको वो बाई. आमी कोणाले सांगत नाई." म्हणजे सांगून झालं होतं. संध्याकाळपर्यंत माय चहाच करत होती. साखर संपली. पहिल्या पाहुण्यांनी आणलेली बिस्किटं आम्ही दुसऱ्या पाहुण्यांना दिली.

बाबा तेवढ्यात शेतातून आले. गर्दी पाहून दारातच थबकले. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, "घोरते म्हणून मशीन? मी जल्मभर घोरलो. काय झालं मले?"

हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बाबांचं घोरणं म्हणजे आमच्या शिवारातली एक खूणच. आमच्याकडं घोरणाऱ्याला कोणी आजारी म्हणत नाही. गाढ झोप लागते, कष्टाचा माणूस आहे, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाबांनीच पैज लावली. "इथं घरच्या लाइटवर चालली त काय मोठं? चाल वावरात. मचाणावर चालते का पाहू."

हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगायी, येतात. म्हणून रात्री शेतात जागल असते. चार खांबांवर बांधलेलं मचाण, त्यावर कडबा, एक टॉर्च अन् वाजवायला पत्र्याचा डबा. लाइट नाही. मला हेच पाहिजे होतं, आमच्या हॉलसारखंच. पण हॉलमध्ये एवढी थंडी नसते. मशीनची बॅटरी मी दिवसा भरायला लावली होती, त दुपारी लाइट गेली ती चार वाजता आली. खेड्यात जाणार असाल त लाइट असेल तेव्हाच भरून ठेवा, "संध्याकाळी लावू" म्हणू नका. अडॅप्टरवर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालते तेही दुकानातच वाचून घ्या, कारण आमच्याकडं व्होल्टेज कधी वर कधी खाली.

लहानपणी मी या मचाणावर खूप झोपलो आहे. माय मला बाबांसोबत पाठवायची अन् दरवेळी एकच बजावायची, "आवाज बंद झाला की बाबाले हालवजो." मला वाटायचं, बाबांच्या घोरण्यानं डुकरं भितात, म्हणून तो आवाज चालू ठेवायचा. शाळेत पोरांना मी छाती फुगवून सांगायचो, आमच्या बाबाले डबा वाजवा लागत नाही. अन् मी ते काम इमानदारीनं करायचो. आवाज थांबला की कोपर मारायचो, आवाज परत सुरू व्हायचा. डुकरंही फार येत नसत. मग कोणाला शंका येणार?

त्या रात्री नळी वाकळीच्या आतून घेतली, म्हणजे हवा फार गार लागत नाही, अन् मास्क लावून आडवा झालो. पाखरांच्या कलकलाटानं डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. बॅटरीच्या चार दिव्यांपैकी एक अजून चालू होता. हरभरा जागेवर होता. बाबा माझ्या बाजूला गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, डोळे लाल.

"डुकरं आली होती का?" मी विचारलं.

"नाई."

"मग झोपला नाही काहून?"

बाबांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "तुहा आवाजच नव्हता. मेल्यासारखा पडला होता. चार येळा हात लावून पाह्यला, जित्ता हाय का म्हणून."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते तोंडातच राहिलं.

घरी आलो त माय चुलीपाशी होती. तिनं डुकरांचं विचारलं नाही, मशीनचंही विचारलं नाही. "आवाज बंद झाला होता का याचा?" असं बाबांना विचारलं.

"आवाज नव्हताच," बाबा म्हणाले. "पण श्वास चालू होता. रातभर पाहत बसलो. डोया नाई लागला माहा."

माय चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "मंग आता समजलं नं तुमाले, मी काय करतो ते."

तेव्हा मला कळलं. डुकरांचा त्यात काही संबंधच नव्हता. बाबांचा श्वास अडकायचा तेव्हा आवाज थांबायचा. घरी असले की माय रात्रभर ऐकत पडायची अन् कोपर मारायची. शेतात ती नसायची म्हणून मला पाठवायची. आजाराचं नाव तिला माहीत नव्हतं, पण कोपर कधी मारायचं हे बरोबर माहीत होतं. डॉक्टरनं मला जे दहा मिनिटं समजावलं ते तिनं एका वाक्यात सांगून ठेवलं होतं, अन् मी त्याची डुकरांची गोष्ट करून टाकली होती.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगून काय केलं असतं तू? भेला असता. भेलेलं लेकरू मचाणावर जाते का?"

बाबा हात धुवायच्या निमित्तानं अंगणात गेले. आत आले ते म्हणाले, "दे बरं तुही मशीन, लावून पाहतो." मी दिली नाही. हे तुम्हीही लक्षात ठेवा. मशीनचा दाब ज्याच्या-त्याच्या तपासणीप्रमाणं लावलेला असतो, दुसऱ्याची लावून पाहायची नसते. मी म्हटलं, आधी तपासणी करू, अकोल्याला होते. बाबा म्हणाले, "हरभरा घरात येऊ दे." माय म्हणाली, "हरभरा दरवर्सी येते." मग बरीच बोलाचाली झाली. शेवटी असं ठरलं की सोंगणी झाली की जायचं, अन् तोवर मचाणावर एकट्यानं झोपायचं नाही, चुलतभावाला सोबत न्यायचं. बाबांना मशीन लागलीच त मी मोठीच घेऊन देईन. ते कुठं फिरत नाहीत, टाकीचा त्रास नाही, अन् घसाही कोरडा पडत नाही. घरच्या लाइटसाठी एक चांगला इन्व्हर्टर पाहावा लागेल, दुकानदाराला विचारूनच. कोणताही इन्व्हर्टर चालत नाही म्हणतात.

परतीला मी मुद्दाम दिवसाची गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली. वाशिम सोडल्यावर हरभरा, गहू, मधेच एखादं पिवळं करडईचं वावर. थोड्या वेळानं गाडी पुलावर आली अन् खाली नदी दिसली. चांगली रुंद, काठाला बाभळी, पाण्यात उतरलेल्या म्हशी. मी दचकलोच. समोरच्या माणसाला विचारलं, "ही कोणती नदी?"

"पैनगंगा." त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कुठले?"

"इथलाच," मी म्हटलं.

तो खिडकीबाहेर पाहू लागला. पण त्याला काय वाटलं असेल ते मला समजलं. किती वर्षं झाली, या पुलावरून मी जातो-येतो. रात्री झोपेत, दिवसा पेंगत. कामासाठी दिल्ली पाहिली, चेन्नई पाहिली म्हणतो, पण विचाराल त मला हॉलचे नंबर आठवतात, रस्ते नाही. हिंगोली, वसमत, पूर्णा, मी सगळी स्टेशनं मोजल्यासारखी पाहत गेलो. पूर्ण्याला गाडी बराच वेळ थांबते, तिथं खाली उतरून पाय मोकळे करा.

हैदराबादला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो अन् छोटी मशीन पक्की केली, एक जादा बॅटरी अन् फिल्टरचं पाकीट घेऊन. फिल्टर महत्त्वाचा. जीपच्या एका फेरीत माझा पांढरा फिल्टर मातीच्या रंगाचा झाला होता. हप्ते बांधले आहेत. ज्यांना घरीच झोपायचं आहे त्यांनी छोटीच्या मागं लागू नये, मोठीच सुखाची. पण ज्याच्या पायाला भिंगरी आहे त्यानं आधी भाड्यानं न्यावी, आपल्या सगळ्यात वाईट जागी एक रात्र काढावी अन् मग ठरवावं. व्हिडिओ पाहून ठरवू नये. मी सत्तर पाहिले, त्यातल्या एकातही मचाण नव्हतं. विमानाचं मला विचारू नका, मी अजून बसलो नाही.

उस्तादांनी माझे डोळे पाहिले, खरंच हनुवटी धरून पाहिले. एका लहान स्टॉलच्या वरच्या पट्टीची लाइटं लावायला मला घोडीवर चढवलं अन् स्वतः खाली शिडी धरून उभे राहिले. पहिली लाइट, दुसरी, तिसरी. मधेच खाली पाहिलं त त्यांनी शिडी सोडली होती अन् ते दुसऱ्या पोराला शिव्या देत होते. शिव्या ऐकून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी कोचीच्या ट्रकसोबत जाणाऱ्यांची नावं त्यांनी सांगितली, त्यात माझं होतं.

मायचा फोन रोज येतो. बाबा अजून चुलतभावाला शिव्या देतात, "हा रातभर कोपर मारते." मी म्हणतो, मारू द्या.

आज दुपारी इथं कोचीच्या हॉलमध्ये जेवण झाल्यावर टोळीतले सगळे कार्पेटच्या गुंडाळ्यांवर आडवे झाले. पूर्वी सगळ्यात आधी घोरणारा मीच असायचो. आज मी एकटाच जागा होतो. काय करावं ते सुचेना. हॉलभर एक चक्कर मारली, दोन चहा प्यालो, तरी अर्धा तास उरला. म्हणून मोबाईल काढला अन् हे लिहून टाकलं.